फुकटचा अंदाज आणि पदरचा खर्च

रात्री साडेनऊच्या सुमारास खोपट एस.टी. आगाराच्या परिसरातील दुकानांची शटर्स एकेक करून खाली येऊ लागतात. सूर्यास्तापूर्वीच जेवण आटोपलेले असते, गल्ला मोजून झालेला असतो, आणि दिवसभर गिऱ्हाइकांमुळे राहून गेलेले घरचे विषय त्या शांत अर्ध्या तासात निघतात. अलीकडे त्यांत एक नवा विषय वारंवार येतो. दुकानाची वेबसाइट काढायची, तर खर्च किती?

अशीच एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. सुकामेवा, मसाले, खाखरे आणि कोरडा फराळ यांचा दोन पिढ्यांचा व्यापार. कंदमूळवर्ज्य पदार्थ येथे खात्रीने मिळतात, म्हणून लग्न होऊन पुण्याला, नाशिकला किंवा बंगळूरला गेलेल्या मुली आजही फोन करून येथूनच सामान मागवतात. मुलाच्या मनात येते, की ही मागणी वेबसाइटवरून यावी. तो तीन ठिकाणी चौकशी करतो. पहिले कोटेशन येते १८,००० रुपयांचे, दुसरे ६५,००० रुपयांचे आणि तिसरे २,४०,००० रुपयांचे. वडील चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “एकाच वस्तूचे तीन भाव, आणि तेही तेरा पटींच्या फरकाने? बाजारात असे कधी पाहिले आहेस का?” मुलगा निरुत्तर होतो आणि मोबाइलवर वेबसाइटचा खर्च सांगणारे एक मोफत कॅल्क्युलेटर उघडतो. सहा प्रश्नांची उत्तरे दिल्यावर ते चौथाच आकडा सांगते. शिवाय तो आकडा दाखवण्यापूर्वी मोबाइल क्रमांक मागते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गिऱ्हाइकांच्या आधी दोन वेबसाइट कंपन्यांचे फोन येतात.

प्रसंग काल्पनिक असला, तरी अनेक घरांना तो ओळखीचा वाटेल. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ही वस्तू एक नाहीच. गोदाम बांधायचे आहे एवढेच सांगून तीन कंत्राटदारांकडून दर मागवले, तर एकजण पत्र्याची शेड धरील, दुसरा विटांचे बांधकाम धरील आणि तिसरा शीतगृह. आकडे वेगळे येतील आणि तिघांपैकी कोणीही खोटे बोललेले नसेल. बँकेत कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा अधिकारी शेवटच्या बेरजेकडे नंतर पाहतो. आधी पाहतो ते चौरस फूट, छताचा प्रकार, वीजजोडणी, आणि ज्या गोष्टी कोटेशनमध्ये लिहिलेल्याच नाहीत त्या. वेबसाइटचा खर्च सांगणारे मोफत साधन निवडतानाही हीच नजर लावावी लागते.

ही साधने मोफत का असतात, हा पहिला प्रश्न व्यापाऱ्याला सुचायलाच हवा. बहुतेक कॅल्क्युलेटर वेबसाइट बनवणाऱ्या कंपन्यांनीच आपल्या पानांवर ठेवलेली असतात. त्यांच्या दृष्टीने हे साधन म्हणजे दुकानाबाहेर ठेवलेले चवीचे ताट. चव घेणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि त्याचा अंदाजे खर्च करण्याचा आवाका त्यांना मिळतो, आणि हीच त्या साधनाची किंमत असते. यात गैर काही नाही. चवीचे ताट आपलेही व्यापारी ठेवतातच. मात्र त्या ताटावरून बाजारभाव ठरवू नये, आणि क्रमांक दिल्याशिवाय आकडाच दिसत नसेल तर ते पान तेथेच मिटावे. एकदा क्रमांक गेला की पुढे १९०९ वर नको असलेल्या फोनांची नोंद करीत बसावे लागते.

अंदाज बांधण्याचे शास्त्र तसे नवीन नाही. आयबीएममधील ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये सॉफ्टवेअर मोजण्याची एक पद्धत मांडली. प्रोग्रॅमच्या किती ओळी लिहिल्या हे न मोजता, वापरणाऱ्याला त्यातून काय मिळते ते मोजायचे, हा तिचा गाभा. माहिती किती प्रकारे आत भरली जाते, किती प्रकारे बाहेर येते, किती प्रकारची विचारणा करता येते, किती नोंदवह्या ठेवाव्या लागतात आणि बाहेरच्या किती व्यवस्थांशी जोडणी आहे, अशा पाच गोष्टींची मोजदाद. खातेवह्या सांभाळणाऱ्यांना ही रीत लगेच पटेल. तिला ‘फंक्शन पॉइंट’ म्हणतात. त्यानंतर १९८१ मध्ये बॅरी बोएम यांनी ‘कोकोमो’ नावाचे खर्चाचे गणित प्रसिद्ध केले. त्याच मांडणीतून पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. काम नुसते कल्पनेत असताना केलेला अंदाज प्रत्यक्ष खर्चाच्या चौपटीपर्यंत किंवा चौथ्या हिश्श्यापर्यंत चुकू शकतो. काय हवे ते जसजसे कागदावर स्पष्ट होत जाते, तसतशी ही चूक आक्रसत जाते.

म्हणजे मनातला आकडा एक लाख असेल, तर त्या क्षणी त्याचा अर्थ पंचवीस हजारांपासून चार लाखांपर्यंत काहीही होऊ शकतो. तेव्हा सहा प्रश्नांनंतर एखादे कॅल्क्युलेटर ‘८७,४५० रुपये’ असा पन्नास रुपयांपर्यंतचा नेमका आकडा देऊ लागले, तर त्या नेमकेपणाचेच भय वाटायला हवे.

चौपटीची ही गोष्ट पुस्तकापुरती नाही. अमेरिकी सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले आणि पहिल्याच दिवसापासून अडखळले. पुढे तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१४ च्या अहवालात हिशेब मांडला. संकेतस्थळाच्या मुख्य भागाच्या कंत्राटाची रक्कम सप्टेंबर २०११ मध्ये ५.६ कोटी डॉलर होती, ती फेब्रुवारी २०१४ पर्यंत २०.९ कोटी डॉलरच्याही वर गेली होती. काय बनवायचे ते पुरते ठरण्याआधीच काम सुरू झाले आणि मागण्या मध्येच बदलत राहिल्या, हे त्यामागील एक मोठे कारण. तज्ज्ञांची फौज हाताशी असलेल्या सरकारची ही कथा, तर खोपटच्या पेढीने आपले अंदाज डोळे मिटून का स्वीकारावेत?

आता निवड. मोफत साधनांचे ढोबळ मानाने काही वर्ग पडतात. प्रश्नोत्तरांवरून आकडा सांगणारी कॅल्क्युलेटर वर आलीच. ॲमेझॉन आणि गूगल यांची स्वतंत्र, प्रामाणिक आणि तपशीलवार कॅल्क्युलेटर आहेत. ॲमेझॉनच्या साधनात तर मुंबईचे केंद्र निवडून दर पाहता येतात. पण ती फक्त संगणकीय जागेचे भाडे सांगतात, दुकान मांडण्याचा खर्च सांगत नाहीत. रोज दहा-वीस मागण्या येणाऱ्या पेढीला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. कोकोमोच्या गणितावर चालणारी साधनेही मोफत मिळतात, परंतु ती प्रोग्रॅमच्या ओळींची संख्या विचारतात. ती सांगू शकणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे. तयार दुकाने भाड्याने देणाऱ्या शॉपिफायसारख्या कंपन्यांची दरपत्रके हे कॅल्क्युलेटर नसले, तरी तुलनेसाठी फार चांगले. कारण तेथे लिहिलेला दर हा अंदाज नसून प्रत्यक्ष विक्रीचा भाव असतो.

चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांना विचारणे हा सध्याचा सर्वांत आवडता मार्ग. तेथे एकच प्रश्न दोन वेळा, थोडे शब्द बदलून विचारावा. दोन वेगळे आकडे तितक्याच ठामपणे समोर येण्याची शक्यता भरपूर. या साधनांकडून भाव घेऊ नये, प्रश्न मात्र जरूर घ्यावेत. “माझे असे दुकान आहे, वेबसाइट बनवणाऱ्याला मी कोणकोणते प्रश्न विचारावेत?” असे विचारले तर निघणारी यादी बहुधा उपयोगी असते. इंग्रजी कोटेशनमधील बोजड शब्दांचा अर्थ मराठीत किंवा गुजरातीत समजून घ्यायलाही ती कामी येतात.

प्रश्नोत्तरी कॅल्क्युलेटर वापरायचेच ठरवले, तर बँकेचा निरीक्षक गोदामात शिरल्यावर जे करतो ते करावे. तो एखादे पोते उचलून तराजूवर ठेवून पाहतो. सर्व उत्तरे एकदा भरून आकडा लिहून ठेवावा. मग फक्त एकच उत्तर बदलावे, वस्तूंची संख्या ५० ऐवजी ५०० करावी. आकडा जागचा हलला नाही, तर ते साधन काही मोजतच नाही, फक्त बोलते. नंतर भाषा एकाऐवजी तीन कराव्यात आणि पुन्हा पाहावे. ते दुसऱ्या वर्षाचा खर्च विचारते का, छायाचित्रे आणि मजकूर कोण देणार हे विचारते का, बेरजेखालचे घटक उघडून दाखवते का, एकच रक्कम सांगते की ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला देते, हे पाहावे. आणि चलन! कित्येक साधने डॉलरमध्ये बोलतात. त्यांच्या पोटात अमेरिकेतील कारागिराचा तासाचा मेहनताना दडलेला असतो. त्या आकड्याला रुपयाच्या दराने गुणून येणारी रक्कम वागळे इस्टेटमधील किंवा डोंबिवलीतील कारागिराच्या दराशी जुळण्याचे काही कारणच नाही.

या चाचण्यांत उतरणारी साधने थोडी निघतात. उतरली तरी त्यांचा आकडा बाजूला ठेवून त्यांचे प्रश्न तेवढे उतरवून घ्यावेत, कारण खरे उपयोगाचे मोफत साधन बहुतेक घरांत आधीच असते. गूगल शीट्स किंवा लिबरऑफिसचा कोरा तक्ता. त्याला कोणाला फोन नंबर द्यावा लागत नाही, त्यातला प्रत्येक आकडा कोठून आला हे दिसते, आणि एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. रोजमेळ लिहिणाऱ्या घराला हे शिकवायला नको.

वरच्या पेढीचेच उदाहरण त्या तक्त्यात मांडून पाहू. यातील दर समजण्यापुरते धरलेले आहेत. आपापले दर घालून तक्ता भरावा. दुकानात १८० वस्तू आहेत, आणि प्रत्येक वस्तू शंभर ग्रॅम, पाव किलो, अर्धा किलो अशा तीन वजनांत मिळते. वडिलांच्या हिशेबाने माल १८० प्रकारचा, वेबसाइटच्या हिशेबाने नोंदी ५४०. प्रत्येक नोंदीत नाव, वजन, किंमत, घटक आणि छायाचित्र. दुसरे कोटेशन ६५,००० रुपयांचे होते, पण बारीक अक्षरांत लिहिले होते की त्यात १०० नोंदी भरून मिळतील, पुढील प्रत्येक नोंदीस ४० रुपये. उरलेल्या ४४० नोंदींचे १७,६०० झाले. पहिल्या वर्षी जागेचे भाडे आणि देखभाल समाविष्ट. पुढे दरवर्षी भाडे ८,००० आणि देखभाल १२,०००, म्हणजे दोन वर्षांचे ४०,०००. या साऱ्यांवर १८ टक्के जीएसटी, २२,०६८ रुपये. १८० वस्तूंची छायाचित्रे स्थानिक छायाचित्रकाराकडून प्रत्येकी ६० रुपयांप्रमाणे, १०,८००. तीन वर्षांची बेरीज १,५५,४६८ रुपये होते. ‘पासष्ट हजारांची वेबसाइट’ तिच्या दर्शनी भावाच्या सव्वादोन पटींहून अधिक महाग निघाली, आणि यात फसवणूक कोणाचीही झालेली नाही. सारे लिहिलेलेच होते, फक्त एका ओळीत नव्हते.

हेच दुकान भाड्याच्या तयार व्यवस्थेवर मांडले आणि महिन्याचे भाडे २,००० रुपये धरले, तर ३६ महिन्यांचे ७२,००० आणि जीएसटी १२,९६० मिळून ८४,९६० रुपये. निम्म्याच्या आसपास! छायाचित्रे यातही वेगळी. मुलगा आनंदून म्हणतो, नोंदी घरीच भरू. इथे तक्त्यात आणखी एक रकाना हवा, जो कोणत्याही कॅल्क्युलेटरमध्ये नसतो आणि व्यापारी घरांतही सहसा कोणी मांडत नाही. एका नोंदीला दहा मिनिटे धरली, तर ५४० नोंदींना ५,४०० मिनिटे, म्हणजे ९० तास लागतात. हे ९० तास कोणाचे? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. सूनबाई शिकलेली आहे, ती करील. तिचे दुपारचे दोन तास रोज धरले तरी दीड महिना जातो, आणि नंतर दर आठवड्याला बदाम-काजूचे भाव बदलले की पुन्हा तेच. नोकराचा पगार खर्चात लिहिणारी पेढी घरच्या माणसाचे तास शून्य धरते, म्हणून स्वस्त वाटणारी वेबसाइट तीन महिन्यांत जुन्या भावांसह पडून राहते. त्या तासांना रुपयांत मोल लावणे अवघड वाटत असेल, तर निदान तास तरी लिहावेत आणि ज्या व्यक्तीचे आहेत तिला आधी विचारावे.

लहान लहान ओळींकडेही नजर हवी. ‘.कॉम’ नावाचा दर पहिल्या वर्षी ९९ रुपये सांगितला जातो. या नावांची मूळ नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन कंपनी १ सप्टेंबर २०२४ पासून नोंदणीदार कंपन्यांकडूनच दर नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर घेते, तेव्हा ९९ रुपयांत ते कायम कोणी देऊ शकत नाही, हे उघड आहे. दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. ‘एसएसएल प्रमाणपत्र’ या नावाखाली काही हजार लावलेले दिसले, तर लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा संस्था असे प्रमाणपत्र २०१५ पासून विनामूल्य देते, हे सांगून कारण विचारावे. मांडणीची मजुरी असेल तर ती मजुरी म्हणून लिहावी. ‘वर्डप्रेस’चे शुल्क लावलेले असेल तर तेही तसेच, कारण ते सॉफ्टवेअर मुळात मोफत आहे. पैसे स्वीकारण्याची व्यवस्था ही कायमची ओळ. कार्डावरील व्यवहारांना गेटवेचे शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरले, तर हजार रुपयांच्या मागणीतून २३ रुपये ६० पैसे जातात. सुक्यामेव्याच्या घाऊक नफ्यात ही रक्कम लहान नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर घ्यायचा नाही असा नियम आहे, तरी गेटवे आपले वेगळे सेवाशुल्क लावतो का, हे लेखी घ्यावे.

आतापर्यंतचे सगळे आकडे निदान कोटेशनच्या आसपास तरी होते. सर्वांत मोठा खर्च मात्र कोटेशनमध्येही नसतो आणि कॅल्क्युलेटरमध्येही नसतो. तो जीएसटीच्या नोंदणी प्रमाणपत्रात असतो. पुष्कळ लहान पेढ्या कंपोझिशन योजनेत आहेत. दीड कोटीपर्यंतची उलाढाल, व्यापाऱ्याला एक टक्का कर, तीन महिन्यांतून एकदा भरणा. या योजनेची एक अट अशी की, मालाची परराज्यात विक्री करता येत नाही. कायद्याच्या कलम १० मध्येच ती लिहिलेली आहे. वेबसाइट काढणारा उत्साहाने म्हणतो, “संपूर्ण भारतात डिलिव्हरी ठेवू.” त्या एका खुणेने बंगळूरच्या लेकीचे खाखऱ्याचे पाकीट रवाना झाले, की कंपोझिशनचा हक्क धोक्यात येतो आणि काउंटरवरील साऱ्या विक्रीची करव्यवस्था बदलते. फोनवरून परराज्यात माल जात असेल तर अट आजही मोडतेच, हेही यानिमित्ताने अनेकांच्या ध्यानी येईल. नियमित योजनेत जाणे फायद्याचे असूही शकते, कारण तेथे खरेदीवरील आणि वेबसाइटवरील कर परत मिळतो. वरच्या उदाहरणातील २२,०६८ रुपये मग खर्चात राहत नाहीत. पण तो निर्णय सनदी लेखापालासमोर बसून आधी घ्यायचा असतो, वेबसाइटच्या एका रकान्यात नकळत नव्हे.

कंपोझिशनमध्ये राहायचे ठरले, तर वेबसाइटवर फक्त महाराष्ट्रातील पिनकोड स्वीकारले जातील अशी व्यवस्था करावी लागते. येथेही एक गंमत आहे. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात, म्हणून कारागीर तेवढीच अट घालतो. पण ४०३ ने सुरू होणारे पिनकोड गोव्याचे आहेत. ते वेगळे काढायला सांगावे लागते.

कायद्याची आणखी दोन कामे नोंदींच्या खर्चात भर घालतात. पाकीटबंद मालाच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीतही निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती पडद्यावर दाखवावी लागते. पाकिटावर छापलेली आहे, एवढे पुरत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०२० मधील ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करावे लागते. पर्युषणाच्या आठ दिवसांत दुकानात कोण थांबणार आणि ४८ तासांत पोच कोण देणार, हे पेढीने स्वतःच ठरवायचे आहे.

पैशांपलीकडची एक गोष्ट उरते, आणि जाणत्या घरांना तीच सर्वांत जास्त टोचावी. वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदले जाणार? ठाण्यात पागडीच्या जागांत दुकाने चालवलेल्या कुटुंबांना भाडेपावती कोणाच्या नावावर आहे याचे महत्त्व सांगावे लागत नाही. काउंटर आपला, माल आपला, पन्नास वर्षांची पत आपली, पण पावतीवर दुसऱ्याचे नाव असेल तर एका नोटिशीत सारे डळमळते. इंटरनेटवरील नाव तर दरवर्षी नूतनीकरणाचे, म्हणजे वार्षिक भाड्याचेच. ‘सगळे आम्ही पाहू’ असे म्हणणारा कारागीर पुष्कळदा सोयीसाठी ते आपल्या नावावर, आपल्या ई-मेलवर घेतो. त्यात हेतू वाईट नसतो. पण उद्या तो व्यवसाय बंद करून गेला किंवा वाद झाला, तर आजोबांच्या नावाने चालणारी पेढी आपल्याच नावाच्या दारात उभी राहते आणि किल्ली दुसऱ्याकडे असते. १८,००० च्या कोटेशनमध्ये नाव ‘समाविष्ट’ होते. कोणाच्या नावावर, हे लिहिलेले नव्हते.

बनवलेल्या सॉफ्टवेअरचेही तसेच. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली, हा बाजाराचा नियम येथे पुरता लागू पडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या कारागिराने लिहिलेल्या कामाचा पहिला मालक सामान्यतः तोच असतो. हक्क आपल्याकडे यायचे तर लेखी हस्तांतर हवे. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मौज अशी की, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्रांचा नियम उलटा आहे. वेगळा करार नसेल तर ती काढवून घेणाराच त्यांचा पहिला मालक. म्हणजे एकाच वेबसाइटवरील खाखऱ्याचे चित्र पेढीचे आणि त्यामागील यंत्रणा कारागिराची, असे होऊ शकते. करारात दोन ओळी घालून हे टळते. त्या ओळींना खर्च काही नाही. काम झाल्यावर मात्र त्याच ओळी घालून घ्यायला किंमत मोजावी लागू शकते.

रक्कम देण्याची रीतही बँकेकडून उचलावी. मुदत कर्ज एका दमात हातात पडत नाही. जोते झाले, छत झाले, तसतसे हप्ते सुटतात. वेबसाइटची निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी ‘काम झाल्यावर’ अशी बोली करण्यापेक्षा, आराखडा मान्य झाल्यावर, चाचणीची एक खरी मागणी पूर्ण झाल्यावर आणि सर्व पासवर्ड पेढीच्या हाती आल्यावर, असे तीन टप्पे लिहून घ्यावेत. शेवटचा टप्पा लहान ठेवू नये.

एवढा तक्ता भरून झाला की तीच तीन कोटेशने पुन्हा समोर घ्यावीत. १८,००० मध्ये मागणी नोंदवण्याची सोयच नव्हती, पाच पानांची माहितीपत्रिका होती. ती तुलनेतूनच बाहेर पडते. २,४०,००० मध्ये सारे मुळापासून लिहायचे होते आणि सोबत मोबाइल ॲप. दिवसाला दहा मागण्यांसाठी ते आज नको. उरलेल्या दोन पर्यायांत, म्हणजे ६५,००० आणि भाड्याचे दुकान यांत, घरात खरी चर्चा होऊ शकते, कारण आता दोन्ही आकडे तीन वर्षांचे आहेत.

उदाहरणातल्या त्या पेढीत वडील तक्त्यावर बोट ठेवून विचारतात, “१८० वस्तू कशाला? फोनवर लोक सारख्या मागवतात त्या साठच.” मुलगा ६० घालतो. नोंदी १८० होतात, घरी भरायच्या झाल्या तर तास ९० चे ३० होतात. दुसऱ्या कोटेशनची तीन वर्षांची बेरीज १,५५,४६८ वरून १,३१,२७६ वर येते. डिलिव्हरी तूर्त महाराष्ट्रात, ४०३ सोडून. बंगळूरच्या मागणीचे काय, हे सनदी लेखापालांना रविवारी विचारायचे. भाड्याचे दुकान की ६५,००० चे, हा निर्णय सूनबाई आपले तास पाहून सांगेपर्यंत लांबतो. नावाची नोंदणी मात्र त्याच रात्री पेढीच्या ई-मेलवरून, पेढीच्या नावावर होते, आणि तिची पावती दुसऱ्या दिवशी सकाळी खर्चाच्या फाइलला लागते.